ओट्याखालची जागा

“गेली,” हेमलता म्हणाली.

मी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, “कोण?”

“तीन नंबरची. वास बघा.”

तिनं ग्लास माझ्यापुढं धरला. तळाशी दोन चमचे लालसर काहीतरी होतं. मी नाक पुढं नेलं नाही. सकाळचे सव्वादहा वाजले होते. माझी बायको आमच्या स्वयंपाकघरात, देवघरापासून चार फुटांवर वाइनचा ग्लास घेऊन उभी होती आणि मी त्याचा वास घ्यावा अशी तिची अपेक्षा होती.

“शिजवलेल्या मनुकांचा येतोय,” ती स्वतःशीच म्हणाली. वहीत काहीतरी लिहिलं. मग एक घोट तोंडात घेतला, चूळ भरल्यासारखा गालांत फिरवला आणि सिंकमध्ये थुंकली. नळ सोडून सिंक धुतलं. ग्लास धुऊन उपडा घातला.

“माळ्यावर एकोणचाळीस अंश तरी होत असेल. आपल्याला फ्रिज घ्यावा लागेल.”

“आहे की फ्रिज.”

“वाइनचा,” ती म्हणाली.

ही गोष्ट २०१२ सालच्या मार्चमधली. आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे आणि तो फ्रिज अजून चालू आहे. मधे एकदा त्याचा काँप्रेसर बदलावा लागला, एवढंच.

आधी आम्ही कोण ते सांगतो. मी प्रभाकर कोठावदे, पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. पाणी कुठून कुठं किती उतारानं जाईल, हे सांगण्यात माझी नोकरी गेली. हेमलता नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणतीस वर्षं सहायक होती. २०१० च्या अखेरीस ती निवृत्त झाली आणि आता घरी राहील असं मी धरून चाललो. पंधरा दिवसांत तिनं पेपरातली जाहिरात कापून ठेवली. गंगापूर धरणाच्या पलीकडं एका वायनरीला द्राक्षांच्या हंगामापुरतं प्रयोगशाळेत कुणीतरी हवं होतं. साखर मोजायची, आंबटपणा मोजायचा. ती गेली. तिला घेतलं.

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलं नव्हतं. मी तसं तिला म्हणालो. ती म्हणाली, “मीही शिवणार नाही. मोजणार आहे.”

पण दुसऱ्याच महिन्यात एका टाकीजवळून जाताना ती थांबली आणि म्हणाली, “ह्याला कुजक्या अंड्यांचा वास धरतोय.” तिथल्या तज्ज्ञ मंडळींना काही येईना. दोन दिवसांनी सगळ्यांना आला. हेमलताला आश्चर्य वाटलं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या वासाचा वायू रोज तयार व्हायचा. एकोणतीस वर्षं तिनं तो हुंगला होता. तेव्हापासून वायनरीनं तिला हंगाम संपल्यावरही ठेवून घेतलं, आठवड्यातून दोन दिवस. आणि २०१२ च्या जानेवारीत तिच्याकडं अठरा बाटल्या दिल्या. तीन टाक्यांतली वाइन, प्रत्येकीच्या सहा बाटल्या. दर महिन्याला प्रत्येकीतली एक उघडायची, वास आणि चव कशी बदलतेय ते लिहायचं. हे घरीच करायचं, कारण वायनरीत भिंतींनासुद्धा वाइनचा वास असतो आणि तिथं नाक थकतं.

त्या बाटल्या तिनं जुन्या सुती साड्यांत गुंडाळून माळ्यावर आडव्या ठेवल्या होत्या. मार्चपर्यंत त्यांतल्या एका टाकीच्या उरलेल्या सगळ्या बाटल्या उन्हाळ्यानं शिजल्या.

“आपल्या फ्रिजमध्ये ठेव ना,” मी म्हणालो. खरं तर दुधाशेजारी त्या बाटल्या मला नको होत्या, पण वेगळा फ्रिज त्याहून नको होता.

“तिथं चार अंश असतात. हिला बारा-तेरा लागतात. शिवाय आपल्या फ्रिजचं दार किती वेळा उघडतं, माहितेय?”

मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी मोजलं. एक्केचाळीस वेळा. त्यातल्या सव्वीस माझ्या होत्या.

“पण देवासमोर दारूचं कपाट ठेवायचं?” संध्याकाळी मी मुद्दा बदलला.

हेमलतानं देवघराखालचा खण उघडला आणि माझी द्राक्षासवाची बाटली बाहेर काढली. पोटासाठी मी ते रोज जेवणानंतर दोन चमचे घेत असे, अजूनही घेतो. तिनं बाटली फिरवून लेबलावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. त्यात मद्यार्क किती टक्के आहे ते तिथं लिहिलं होतं. तिनं मला ते वाचू दिलं. बाटली परत खणात ठेवली.

म्हणून मी दुसरा मार्ग घेतला. मी म्हणालो, “ठीक आहे, घेऊ. पण निवड मी करणार. हे काम अभियंत्याचं आहे. जागा, हवा, उष्णता, दाराची बाजू, सगळं बघावं लागतं.”

“बघा की,” ती म्हणाली. तिला बरं वाटलेलं दिसलं. “बसेल तिथं बसवा.”

खरं सांगायचं तर तो कुठंच बसणार नाही हे सिद्ध करण्यासाठीच मी फ्रिज निवडायला निघालो होतो. खात्यात असे अहवाल मी बरेच लिहिले होते. एखादा कालवा वरिष्ठांना नको असला, की त्याचा उत्तम अभ्यास करायचा.

शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. तिथं नईम शेख नावाचे पन्नाशीतले गृहस्थ होते. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. आम्ही काय हवं ते सांगितल्यावर त्यांनी एकदा माझ्या टोपीकडं पाहिलं आणि आम्हाला मागच्या भागात नेलं. तिथं तीन वाइन फ्रिज उभे होते, काळ्या काचेच्या दारांचे.

“घरात किती जण घेतात?” त्यांनी अदबीनं विचारलं.

“कुणीच नाही,” मी म्हणालो.

“मी घेते,” हेमलता म्हणाली. “पण थुंकते.”

नईमभाईंनी मान हलवली. “मग चोवीस बाटल्यांचा पुरेल,” ते म्हणाले.

मी वही काढली. “ह्यात दूध ठेवता येईल का?”

“नासेल साहेब. बारा अंशांवर दूध टिकत नाही.”

मी लिहिलं: दूध, नाही.

“भाजी?”

“बटाटे राहतील.”

मी लिहिलं: बटाटे.

त्यांनी पहिल्या, बुटक्या फ्रिजवर हात ठेवला. “ह्याला काँप्रेसर नाही. आवाज नाही, थरथर नाही. बाटलीला थरथर चालत नाही म्हणतात, म्हणून लोक हा मागतात. पण बाहेर तीसच्या आत असेल तरच हा गार करतो. नाशिकमधलं किचन, मे महिना, गॅस चालू. मी तुम्हाला हा विकणार नाही.”

“आणि हा?” हेमलतानं दुसऱ्याकडं बोट केलं.

“हा चांगला आहे. काँप्रेसरवाला. पण ह्याची गरम हवा मागून निघते. मागं आणि दोन्ही बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडायला लागते. मोकळ्यावर ठेवायचा. कपाटात कोंबला तर वर्षभरात बंद पडेल. तुम्हाला ओट्याखाली सरकवायचा असेल तर हा तिसरा घ्या. ह्याची हवा पुढच्या बाजूनं, खालच्या जाळीतून निघते. उंची साडेएक्याऐंशी सेंटिमीटर. बत्तीस इंचांच्या थोडा वर.”

मी प्रत्येकाची मापं घेतली. नईमभाई थांबून राहिले. मग म्हणाले, “साहेब, लोक आधी फ्रिज पसंत करतात आणि घरी नेल्यावर जागा शोधतात. तुम्ही आधी किचन मोजा. ऊन कुठं येतं, गॅस कुठं आहे. आणि मॅडम कुठं उभ्या राहतात ते बघा. दार त्यांना आडवं यायला नको.”

मी तेही लिहून घेतलं.

पुढचे तीन दिवस मी आमचं स्वयंपाकघर मोजलं. दहा फूट बाय आठ. ते मीच १९८५ साली बांधलेलं, तरी त्यानंतर मी तिथं टेप घेऊन कधी शिरलो नव्हतो. एकेका भिंतीला थर्मामीटर टांगला आणि दर दोन तासांनी आकडे घेतले. निकाल माझ्या मनासारखा येत गेला. गॅसजवळची जागा एक्केचाळीस अंशांवर गेली. ती बाद. खिडकीखाली तीन ते सहा ऊन येत होतं. काचेच्या दाराला ऊन नको. तीही बाद. दाराजवळ आमच्या नेहमीच्या फ्रिजशेजारी जागा होती, पण वीतवीतभर हवा सोडली तर दार देवघराच्या चौकटीला अडत होतं. तीही बाद, आणि ही बाद करताना मला विशेष समाधान झालं. बाहेरच्या खोलीत ठेवला तर येणाऱ्याजाणाऱ्याला खुलासे द्यावे लागले असते. ते कारण मी अहवालात ‘सामाजिक’ या सदरात घातलं.

राहिली ओट्याखालची जागा. तिथं गव्हाचे दोन डबे होते. मी ते सरकवले, गुडघे टेकून आत टेप लावला. ओटा जमिनीपासून अठ्ठावीस इंच. कडप्पा आणि खालचा थर मिळून दोन इंच गेले. आत सव्वीस. फ्रिज बत्तीसच्या वर. बसत नव्हता. सहा इंचांनी बसत नव्हता. मी उठून हात झटकले आणि स्वतःसाठी चहा केला.

नईमभाईंचा एक मुद्दा बाकी होता, मॅडम कुठं उभ्या राहतात. अहवालात पोकळी राहू नये म्हणून बुधवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकली आणि आलेखाचा कागद मांडीवर घेतला.

“काय करताय?” हेमलतानं विचारलं.

“निरीक्षण.”

“बरं,” म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

मी तासभर पाहिलं. ती कुठं उभी राहते, कुठल्या पायावर, कुठल्या हातानं काय उचलते, सगळं टिपलं. लाटताना खाली वाकते. पोळी तव्यावर टाकली की डावा हात कमरेवर ठेवते, सरळ होते, मग पुन्हा वाकते. हात कमरेवर, असं प्रत्येक वेळी मी एक रेघ मारली. नऊ पोळ्या, एक भाजी, वरण. चौदा रेघा झाल्या.

अहवाल चार पानांचा झाला, परिशिष्टं वेगळी. पुढच्या रविवारी मी तो वाचून दाखवला. ती पोळ्या लाटत होती, मी दारात खुर्चीवर. प्रस्तावना, उपलब्ध साधनांचा तुलनात्मक विचार, जागानिहाय छाननी. ती मधेमधे ‘हं’ म्हणत होती. शेवटी मी निष्कर्ष वाचला: “सबब, प्रस्तावित साधन सदर स्वयंपाकघरात बसत नाही.”

लाटणं चालूच होतं.

“ओट्याखाली किती कमी पडतंय म्हणालात?”

“सहा इंच.”

“म्हणजे ओट्याची उंची किती?”

“अठ्ठावीस.”

“आणि लोकांकडं किती असते?”

“तेहतीस. चौतीस,” मी म्हणालो. “फ्रिज त्याच मापानं बनवतात. कंपन्यांना काय माहीत आपल्याकडं...”

“मग आपला अठ्ठावीस का?”

मला उत्तर माहीत होतं. ते सांगताना मला नेहमी अभिमान वाटत आला होता. “आईसाठी. आई चार फूट आठ इंच होती. तिच्या कोपराचं माप घेऊन बांधला.”

“हो,” हेमलता म्हणाली. तिनं पोळी तव्यावर टाकली. डावा हात कमरेवर गेला. “वास्तुशांत झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं, मला खाली पडतोय म्हणून.”

मला आठवत नव्हतं. “मी काय म्हणालो?”

“सवय होईल म्हणालात.”

मी विचारलं, “झाली?” आणि विचारल्यावर कळलं, की हे विचारायला नको होतं.

“झाली की,” ती म्हणाली. पोळी उलटली. “वाचा पुढं. परिशिष्ट राहिलंय.”

परिशिष्टात निरीक्षण होतं. मी वाचायला सुरुवात केली. “कालावधी एक तास पाच मिनिटं. डावा हात कमरेवर: चौदा वेळा.”  मी कागद दुमडला आणि म्हणालो, पुढं विशेष काही नाही.

हेमलता पाच फूट सहा इंच आहे. लग्नाच्या वेळी मुलगी उंच आहे म्हणून आमच्याकडच्या काहींनी नाकं मुरडली होती. बारा वर्षं तिच्या कमरेला पट्टा होता. बारा वर्षं मी तिला स्कूटरवरून डॉक्टर सोनजेंकडं नेत होतो, बाहेरच्या बाकावर बसून पेपर वाचत होतो, एक्सरे उजेडात धरून बघत होतो. प्रयोगशाळेत दिवसभर उभं राहिल्यानं असं होतं, हे मीच डॉक्टरांना सांगितलं होतं. ती निवृत्त झाली तरी दुखणं थांबलं नाही. त्याचा अर्थ काय, असा विचार मी केला नव्हता. आणि आई जाऊनही अठरा वर्षं झाली होती.

जेवण झाल्यावर मी घराच्या कागदांची पेटी उघडली. नकाशा निघाला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पेन्सिलनं, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘ओटा २८. आईचं माप.’ तो दिवस मला स्वच्छ आठवला. भिंती उभ्या राहिल्या होत्या, स्लॅब पडला होता. मी विटा एकावर एक रचल्या, वर फळी ठेवली आणि आईला म्हणालो, ह्यावर कणीक मळल्यासारखं कर. ती लाजून हसली. मी एक वीट काढली, पुन्हा करायला लावलं. गवंडी म्हणाला होता, “साहेब, आईवर असं लक्ष ठेवणारा मुलगा बघितला नाही.” आणि टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. दुसरं टोक हेमलतानं धरलं होतं. तिच्या कडेवर आमची दोन वर्षांची मुलगी होती. ती वाकून टेप जमिनीला टेकवत होती आणि मी वरचा आकडा वाचत होतो.

मी नकाशा परत पेटीत ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर पोळपाट ठेवला आणि त्याखाली जाडजूड पुस्तकं रचली. हेमलताला बोलावलं. “इथं उभी राहा. लाटल्यासारखं कर.”

“हे कशासाठी?”

“फ्रिजसाठी.”

“फ्रिजला माझं कोपर कशाला लागतं?”

“लागतं,” मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग उभी राहिली. मी एक पुस्तक काढलं, एक घातलं. तिचे खांदे खाली आले, पाठ सरळ राहिली, तिथं थांबलो. टेप लावला. ह्या वेळी दोन्ही टोकं मीच धरली. चौतीस इंच.

मला तिच्याशी बोलायचं होतं, पण काय बोलायचं ते सुचेना. पस्तीस वर्षं मी तिच्याशी किराणा, मुलीचं शिक्षण, पाहुणे यांबद्दल बोललो होतो. ह्या विषयाची भाषा माझ्याकडं नव्हती. जी होती ती वापरली. मी शुद्धिपत्रक काढलं. एक कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि लिहिलं:

‘पान चार, ओळ सात. “साधन स्वयंपाकघरात बसत नाही” याऐवजी “स्वयंपाकघर श्रीमती हेमलता यांना बसत नाही” असे वाचावे. ही चूक सन १९८५ पासूनची असून ती सर्वस्वी अहवालकर्त्याची आहे. ओटा तोडण्यात यावा.’

खाली सही केली. कागद तिच्या वासांच्या वहीत, त्या दिवशीच्या पानावर ठेवला आणि फिरायला गेलो. रोजच्यापेक्षा दोन चकरा जास्त मारल्या.

परत आलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. कागद समोर होता. चष्मा काढून ठेवला होता. मी चपला काढल्या आणि पाय धुवायला जरा जास्तच वेळ लावला.

“नळही वर घ्यावा लागेल,” ती म्हणाली.  तिनं चष्मा परत चढवला. “नाहीतर पातेलं खाली मावणार नाही.”

“घेऊ,” मी म्हणालो.

“आणि खिडकीची पट्टी बघा.”

“बघितली. दोन इंच राहतात.”

एवढंच बोलणं झालं.

गांगुर्डे नावाचे गवंडी आले. त्यांना मी माप सांगितल्यावर ते म्हणाले, “आता सगळीकडं तयार मापानंच करतात. ह्या बाईंच्या मापानं कशाला?” मी म्हणालो, “त्यांच्याच मापानं.” कडप्पा फोडायला दोन दिवस गेले. मी तेव्हा मजबूत काम करून घेतलं होतं. पहिला घण बसला तेव्हा हेमलता दारात उभी होती. तिनं पदर नाकाशी धरला होता, धुळीसाठी असेल. अकरा दिवस आम्ही मागच्या पडवीत टेबलावर गॅस ठेवून खिचडी खाल्ली. ती मी केली. आठव्या दिवशी ती मऊ व्हायला लागली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नईमभाई स्वतः फ्रिज घेऊन आले. त्यांच्या माणसांनी तो ओट्याखाली सरकवला. नव्या कडप्प्याखाली मी थर दिला नव्हता, त्यामुळं वर बोटाच्या पेराइतकी जागा राहिली. नईमभाईंनी ती बोटानं पाहिली आणि म्हणाले, “साहेब, आजपर्यंत किचनसाठी फ्रिज बदलून नेलेले लोक पाहिले होते.” मग त्यांनी हेमलतानं केलेला चहा घेतला, दार डावीकडं उघडेल असं फिरवून दिलं, दुसऱ्या दिवसापर्यंत बटण लावू नका म्हणाले आणि गेले.

पहिल्या दिवशी तिनं पोळ्या केल्या. पहिली करपली. तवा डोळ्यांच्या जवळ आला होता आणि आच किती ठेवायची याचा अंदाज चुकत होता. दुसरी जमली. मी दारात खुर्ची टाकली होती, पण कागद घेतला नव्हता. तिचा डावा हात कुठं जातो ते बघत होतो. सहाव्या पोळीपर्यंत तो लाटण्यावरच होता. त्यानंतर मी बघायचं सोडलं. त्या दिवशी तिनं वीस पोळ्या केल्या. आम्ही दोघंच होतो. दोन दिवस पुरल्या.

बाटल्या मात्र आणखी तीन आठवडे उघडता आल्या नाहीत. तिच्या नाकाला ओल्या सिमेंटचा वास येत राहिला. वायनरीत तिनं तसं कळवलं आणि त्यांनी ऐकलं. नंतर ती तिथं आणखी सहा वर्षं होती. मला तो ओटा उंच पडतो. मी आईवर गेलोय, पाच फूट दोन. चहा करताना खांदे वर घ्यावे लागतात. त्याबद्दल मी घरात कधी बोललेलो नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही डॉक्टर सोनजेंकडं गेलो. ह्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसलो नाही, आत गेलो. डॉक्टरांनी तिला वाकायला लावलं, पाय उचलायला लावले, पाठीवर बोटं दाबून बघितली. पुन्हा बघितली. मग खुर्चीत बसून जुने कागद चाळले.

“पट्टा कधीपासून लावत नाही?”

“जूनपासून.”

“गोळ्या?”

“नाही.”

“व्यायाम चालू केलात?”

“नाही.”

“मग काय केलं तुम्ही?”

“वाइनचा फ्रिज घेतला,” हेमलता म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा अगदी सरळ होता. तिनं ती गोष्ट तिथंच सोडली असती. डॉक्टर हसले असते, आम्हीही हसलो असतो आणि घरी आलो असतो. ती माझ्याकडं बघतही नव्हती.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “आमचा ओटा खाली होता. मी बांधलेला. आता उंच केलाय.”

“किती खाली होता?”

“सहा इंच.”

“किती वर्षं?”

“सत्तावीस.” मग मी म्हणालो, “ती मला म्हणाली होती. मी ऐकलं नव्हतं.”

हे मी माणसांसमोर पहिल्यांदाच बोलत होतो. खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टर माझ्यावर रागावतील असं मला वाटलं, आणि ते रागावावेत असंही वाटलं. ते हेमलताकडं बघत होते. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग ती म्हणाली, “सत्तावीस वर्षं आणि वर दहा दिवस.”

डॉक्टरांनी पेन उचललं, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडं दिला.

बाहेर आल्यावर मी तो उजेडात धरला. अक्षर लागेना. हेमलतानं माझ्या हातातून घेतला, पर्समधून चष्मा काढला आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून वाचला. मग घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवला.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“परत यायची गरज नाही,” ती म्हणाली. “चला, स्कूटर काढा. वाटेत दूध घ्यायचंय.”